फेन्टानिल पॅच: मांजरीला लावून आणणं सोपं, घरी काढणं जिकिरीचं

ऑपरेशन करून घरी आणलेल्या मांजरीच्या मानेमागे भादरलेला चौकोन आणि त्यावर काडेपेटीच्या निम्म्याहून थोडी मोठी पातळ पट्टी दिसली, तर तिला साधं बँडेज समजू नका. ती वेदनाशामक औषधाची पट्टी आहे, आणि मोठ्या ऑपरेशननंतर असेल तर बहुधा फेन्टानिल या मॉर्फिनच्या जातीच्या जबर औषधाची. ट्रॅक्टरखाली आलेला पाय, कुत्र्यांनी फाडलेलं पोट, कापावी लागलेली शेपटी, अशा दुखण्यात तीन ते पाच दिवस ही पट्टी कातडीतून सावकाश औषध सोडत राहते. हा मूळचा माणसांचा माल, कर्करोगासारख्या न थांबणाऱ्या वेदनांसाठी बनवलेला. मांजरींना तो पशुवैद्य आपल्या जबाबदारीवर लावतात. त्यामुळे खोक्यातल्या माहितीपत्रकात मांजरीचं नावही नसतं, आणि ते पत्रक तसंही मालकाच्या हाती पडत नाही. लावायचं काम दवाखान्यात होतं, काढायचं काम खेड्यात येऊन पडतं. म्हणून परीक्षण पॅचचं असलं तरी यातला मोठा भाग त्याच्या शेवटच्या अर्ध्या तासाचा आहे.

आधी चांगलं ते. दिवसातून तीनदा मांजरीच्या घशाखाली गोळी उतरवून दाखवणारा माणूस गावात शोधून सापडत नाही. इंजेक्शन म्हटलं तर दर सहा-आठ तासांनी कोण देणार? पॅच एकदा लागला की मांजर खाते, झोपते, आणि घरच्यांच्या हातावर ओरखडे उठत नाहीत. परिणाम सुरू व्हायला मात्र सहा ते बारा तास लागतात, म्हणून डॉक्टर सुरुवातीला वेगळं इंजेक्शन देतात. ताकद तासाला किती मायक्रोग्रॅम औषध सुटतं यावर मोजतात: १२, २५, ५०, ७५, १००. मांजरीला सहसा २५ चा. अंगानं लहान असेल तर १२ चा, किंवा २५ चाच लावून अर्ध्या भागाखालचा संरक्षक कागद तसाच ठेवतात. ही अर्ध्या कागदाची गोष्ट लक्षात ठेवा, काढताना ती नडते.

गुणांच्या बाजूचं एवढं बोलून झालं की उणिवांकडे यावं लागतं, आणि विदर्भात पहिली उणीव म्हणजे ऊन. उष्णतेनं पॅचमधून औषध जास्त वेगानं कातडीत शिरतं. माणसांच्या माहितीपत्रकात अंगाचा ताप ४० अंश सेल्सिअसवर गेला तर रक्तातलं औषध साधारण एक तृतीयांशानं वाढू शकतं, असा इशारा असतो. मांजरीचं साधं तापमानच ३८ ते ३९ च्या घरात असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात अकोला-चंद्रपूरचा पारा ४५ ला टेकतो. टिनाच्या छपराखाली किंवा सपरीतल्या उन्हाच्या पट्ट्यात पसरलेली मांजर नकळत जास्त डोस घेत असते. हिवाळा म्हणजे सुटका असंही नाही. विझलेल्या चुलीच्या गरम राखेजवळ मुटकुळं करून झोपणं हा गावच्या मांजरीचा जन्मसिद्ध हक्क आहे, आणि पॅच लागलेल्या मांजरीला तोच पाच दिवस नाकारावा लागतो. शेकोटी, गरम पाण्याची पिशवी, पिवळ्या बल्बची ऊब, सगळं बंद. कुलरची खोली चालेल, पण झोत थेट अंगावर नको.

दुसरी उणीव म्हणजे मिळण्याची अडचण. फेन्टानिल हे १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याखालचं औषध आहे. २०१४ ला कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१५ ला मॉर्फिन, कोडीन वगैरेंसोबत ते ‘अत्यावश्यक अंमली औषधां’च्या यादीत आलं, पण म्हणून तालुक्याच्या मेडिकलात किंवा ढोरांच्या दवाखान्यात ते मांडून ठेवलेलं नसतं. नागपूर, अकोला अशा ठिकाणी मोठी शस्त्रक्रिया झाली तरच याची गाठ पडते. मग ऐंशी-शंभर किलोमीटर एसटीनं परत जाऊन पट्टी तेवढी काढून आणायची, की घरीच काढायची? डॉक्टर बहुतेकदा ‘घरीच काढा’ म्हणतात, आणि नीट सांगितलं असेल तर ते योग्यही आहे.

मेडिकलवर कोणालाही मिळते ती डायक्लोफिनॅकची कंबरदुखीची पट्टी, तिचा इथे काही संबंध नाही. ती मांजरीला कधीच लावायची नसते. डायक्लोफिनॅक मांजरीच्या मूत्रपिंडावर उठतं. झंडू-मूव्हसारखी मलमंही तशीच दूर ठेवा.

दवाखान्यातून निघण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: पॅच किती ताकदीचा, किती वाजता लावला, कोणत्या दिवशी किती वाजता काढायचा, तो नुसता चिकटवलाय की टाके, स्टेपल किंवा कातडीचा गोंदही वापरलाय, आणि काढल्यानंतर दुखण्यावर पुढे काय द्यायचं. टाके, स्टेपल किंवा गोंद असेल तर विषय संपला, तो पॅच घरी काढायचा नाही. सोबत हातमोज्यांचे तीन जोड आणि गळ्यात घालायची प्लॅस्टिकची कॉलर मागून घ्या. हातमोजे नायट्राइलचे किंवा रबराचेच हवेत. केसांच्या रंगाच्या पाकिटातले पातळ प्लॅस्टिकचे मोजे चालत नाहीत, पॅचच्या चिकट कडेला लागले की टर्रकन फाटतात.

काढायची वेळ सकाळची ठेवा, उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत. कारण नंतर दिवसभर मांजरीवर नजर ठेवायची असते आणि गरज पडली तर डॉक्टर फोन उचलतात. खोली अशी निवडा जिथे दिवाण, कोठी, पऱ्हाटीचा ढीग, काहीही लपायला नाही. स्वयंपाकघरात नको. दार-खिडकी बंद, लहान मुलं बाहेर, पंखा आणि कुलर बंद. पंखा बंद करायचं कारण साधं आहे: उचकटलेला पॅच वाऱ्यानं फडफडतो, उलटा होऊन बाहीला किंवा मनगटाला चिकटतो, आणि चिकटते ती नेमकी औषधाची बाजू.

माणसं दोन हवीत. एकानं धरायचं, दुसऱ्यानं काढायचं, दोघांच्याही हातात मोजे. इथे गावाकडची एक सवय मोडावी लागते. मांजर धरायची म्हणजे मानगुटीला, हे आपल्या हातालाच शिकलेलं असतं. पॅच बहुतेक वेळा तिथेच असतो. मानगूट मुठीत धरली की पॅच चुरगळतो, दाबला जातो, आणि आतून द्रवरूप औषध भरलेला प्रकार असेल तर फुटूही शकतो. त्याऐवजी जाड टॉवेलात तिला पुरचुंडीसारखी गुंडाळा, डोकं आणि मान तेवढी बाहेर. धरणाऱ्याचे दोन्ही तळवे टॉवेलावरून तिच्या खांद्यांच्या दोन बाजूंना, आणि तिची पाठ आपल्या पोटाशी. पॅच बरगडीवर असेल तर तेवढीच बाजू उघडी ठेवा.

वरून बँडेज गुंडाळलेलं असेल तर बोथट टोकाच्या कात्रीनं पॅचच्या विरुद्ध बाजूनं कापा. पॅचच्या वरून कात्री कधीही चालवू नका. बँडेज सुटताना पुष्कळदा पॅच त्यालाच चिकटून येतो आणि माणूस मानेवर शोधत बसतो. म्हणून बँडेज आधी उलटून बघा. तसा आला असेल तर वेगळा करायच्या भानगडीत न पडता चिकट बाजू आत घेऊन दोन्ही एकत्रच दुमडा.

आता खरं काम. बोटाच्या टोकानं पॅचचा एक कोपरा उचला. दुसऱ्या हातानं त्याच्या पुढची कातडी हलकेच दाबून धरा. पॅच वर आकाशाकडे ओढायचा नाही, मागे दुमडत, कातडीला जवळजवळ समांतर न्यायचा, केस ज्या दिशेनं वाढतात त्याच दिशेनं, म्हणजे मानेवर डोक्याकडून पाठीकडे. चौथ्या-पाचव्या दिवशी भादरलेल्या जागी खुरटे केस आलेले असतात आणि ते डिंकात धरले जातात, उलटं ओढलं की मांजर तिथेच उसळते. दर बोटभर अंतरानंतर थांबा, कातडी परत दाबून घ्या, पुढे जा. एका मिनिटाचं काम आहे, त्याला तीन मिनिटं द्या. कातडी तंबूसारखी वर उचलली जाताना दिसली तर लगेच थांबून तिथे साध्या थंड पाण्याचा ओला कापूस मिनिटभर टेकवा आणि मग पुढे व्हा.

अर्धा कागद ठेवून लावलेला पॅच असेल तर इथे गंमत होते. पारदर्शक पट्टी निघते, पण संरक्षक कागदाचा तुकडा केसांत किंवा बँडेजच्या घडीत राहून जातो. शिवाय कागदाखालच्या त्या भागातलं औषध जसंच्या तसं असतं. काढून झाल्यावर पट्टी अख्खी आहे का, कडा कुरतडलेल्या नाहीत ना, कागदाचा तुकडा मिळाला का, हे उजेडात बघा. कोपरा गायब असेल तर तो मांजरीच्या पोटात गेला असं धरून डॉक्टरांना फोन करा.

न निघणाऱ्या पट्टीवर घरात जे-जे सुचतं, ते जवळजवळ सगळं चुकीचं असतं. स्पिरिट, सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं पाणी, रॉकेल, पेट्रोल, यातलं काहीच लावायचं नाही. असे द्रव डिंक सैल करतात तसे औषधही मोकळं करतात, आणि कातडीतून आत जायची वाट रुंद करतात. रॉकेलनं मांजरीची कातडी भाजते आणि चाटल्यावर ते फुप्फुसात जायचा धोका वेगळाच. गरम पाण्याचा फडका किंवा केस वाळवायचं मशीन म्हणजे तर उष्णतेचीच गोष्ट पुन्हा. आणखी एक चूक पॅच अजून लागलेला असताना होते: तिसऱ्या दिवशी एक कडा सुटून लोंबते आणि कोणीतरी ती कात्रीनं नीटनेटकी करून टाकतो. द्रव भरलेला पॅच असा कापला तर सगळं औषध एकदम बाहेर येतं. सुटलेल्या कडेवर बाहेरून कागदी चिकटपट्टी लावून दाबा आणि डॉक्टरांना कळवा, बस.

निघालेला पॅच त्याच क्षणी चिकट बाजू आत घेऊन मधोमध दुमडा आणि दाबा. तो पाटावर, खिडकीत, टॉवेलावर ‘जरा वेळ’ ठेवायचा नाही. माणसांवरच्या मोजणीत तीन दिवस वापरलेल्या पॅचमध्येही मूळ औषधाचा २८ ते ८४ टक्के भाग शिल्लक सापडलेला आहे. म्हणजे आपण कचरा म्हणतो तो अजून औषधच असतो, आणि रांगत्या मुलाला ते स्टिकर वाटतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ ला जी आकडेवारी दिली, तिच्यात आधीच्या १५ वर्षांत मुलांच्या संपर्काच्या २६ घटना होत्या, त्यातले १० मृत्यू. १६ मुलं दोन वर्षांची किंवा त्याहून लहान होती.

विल्हेवाटीचं आपल्याकडचं उत्तर म्हणजे उकिरडा, आणि या बाबतीत ते सगळ्यात वाईट. उकिरडा कोंबड्या उकरतात, कुत्री हुंगतात, आणि वर्षाअखेर तोच वावरात जातो. चुलीत टाकणंही नको, धूर घरातच फिरतो. चांगला रस्ता म्हणजे झाकणाच्या डबीत बंद करून दवाखान्यात परत देणं, आणि तोवर डबी कुलपात. ते जमणारच नसेल तर दुमडलेला पॅच संडासात टाकून पाण्यानं वाहवून द्यायचा. एरवी औषधं संडासात टाकू नयेत हे खरं, पण केंद्रीय औषध नियंत्रकांच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा तऱ्हेनं टाकायच्या १७ औषधांत फेन्टानिल आहे. हातमोजे आणि बँडेज मात्र संडासात नको, टाकी तुंबते. पॅच परत द्यायचा असेल तर एक युक्ती चांगली: दुमडलेला पॅच मुठीत धरून त्याच हाताचा मोजा उलटा करत काढा, पॅच आपोआप आत बंद होतो.

कोणाच्या उघड्या हाताला औषध लागलं तर भरपूर साध्या पाण्यानं धुवा. साबण नाही, सॅनिटायझर नाही, दोन्हींनी ते कातडीत जास्त शिरू शकतं. पॅच चिकटलेला सापडलेलं मूल किंवा माणूस पेंगुळला, श्वास मंदावला, तर पॅच काढून १०८ ला फोन करा आणि फेन्टानिल हे नाव सांगा. हे लक्षात घेता, पॅच असेपर्यंत मांजर मुलांच्या गोधडीत झोपता कामा नये. रात्रीतून तो तिच्या मानेवरून सुटून मुलाच्या दंडावर बसू शकतो.

मानेवरची जागा साध्या पाण्याच्या कापसानं टिपून कोरडी करा. थोडी लाली एक-दोन दिवस राहते. तिथे हळद-तेल नको, ती चाटणार. डिंकाचे काळपट ठिपके नखानं खरवडू नका, केस वाढताना निघून जातात. कॉलर आणखी २४ तास ठेवा, तिचं स्वतःचं तोंड मानेपर्यंत पोचत नसलं तरी घरातली दुसरी मांजर पोचते आणि मायेनं चाटत बसते.

पॅच निघाला म्हणजे औषध संपलं असं नाही. कातडीखाली साठलेलं औषध पुढचे कितीतरी तास रक्तात उतरत राहतं, म्हणून १२ ते २४ तास लक्ष ठेवायचं. झोपलेल्या मांजरीची छाती किती वेळा वर-खाली होते ते ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. १६ ते ३० ठीक. आकडा १० च्या आसपास किंवा खाली आला, हिरड्या पांढऱ्या-निळसर दिसल्या, हलवून उठेना, तर लगेच डॉक्टर. अशी लक्षणं पॅच लागलेला असताना दिसली तर ठरलेल्या दिवसाची वाट न बघता मोजे घालून पॅच आधी काढा, मग फोन. यावरचं उलट औषध नॅलॉक्सोन, ते इंजेक्शन डॉक्टरच देतात. १९६२ या नंबरवर फोन केला की येणारी फिरती पशुवैद्यकीय गाडी मुख्यतः गुराढोरांसाठी, तिच्यात ते असेलच असं धरून चालू नका, फोनवर आधी विचारा.

डोळ्यातल्या बाहुलीबद्दल एक गफलत होते. या जातीच्या औषधानं माणसाची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, मांजरीची उलट मोठी होते. भर उजेडात काळेभोर डोळे, गोल गोल लोळणं, पंजांनी टॉवेल मळत राहणं, हे पॅच असताना पुष्कळदा दिसतं आणि तेवढ्यानं घाबरायचं कारण नाही. पण भिंतीकडे बघत ओरडत राहणं, अंगाला हात लावू न देणं, ताप चढणं हे औषध मानवलं नसल्याचं लक्षण आहे. संडास दोन दिवस झाली नाही किंवा लघवी दिवसभर झाली नाही तरी कळवा.

पॅच चघळला किंवा गिळला तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, सरळ दवाखाना गाठा. चघळणं गिळण्याहून वाईट, कारण तोंडाच्या अस्तरातून औषध यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातं.

दुखणं परत आलं की मांजर पोट आवळून बसते, डोळे किलकिले करते, अंग चाटणं सोडते, कोठ्यात किंवा सांदवाडीत जाऊन लपते. अशा वेळी घरातली क्रोसिन हातात येते. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि मांजरीला ते पचवताच येत नाही, तीन किलोच्या मांजरीचा जीव अर्ध्या गोळीनंही जाऊ शकतो. म्हणूनच पुढचं औषध आधी लिहून घ्यायचं.

पॅच कुणाला घेऊ नये म्हणावं? ज्यांची मांजर घरातली नाही, कोठ्यात उंदीर मारायला आणि वावरात हिंडायला आहे, त्यांना. पाच दिवस कोंडून ठेवणं जमणार नसेल तर ते ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगा. पॅच कुठेतरी बांधावर गळून पडला तर तो शोधणार कोण? अशा मांजरीसाठी ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या वेदनाशामकाबद्दल विचारून बघा. तेही नियंत्रित औषध आहे, सहज मिळेल असं नाही, पण त्याचे मोजके थेंब गालाच्या आतल्या बाजूला सोडले तरी चालतात. मांजरीची लाळ अल्कधर्मी असते, त्यामुळे ते तिथूनच शोषलं जातं, घशाखाली उतरवायची झटापट लागत नाही.